अक्काची धाबळी आणि कड्यावरचा म्हातारा

सतरा वर्षांची असताना मला जगातलं सगळं ओळखता यायचं. झाड दाखवा, पक्षी दाखवा, ढग दाखवा, नाव तयार. चुकलं तर चूक झाडाची. मैलापूरच्या तळ्यापाशी आमचं बिऱ्हाड होतं, पहिल्या मजल्यावर, आणि गच्चीवरून तळ्याचा अर्धा भाग दिसायचा. त्या गच्चीवरून मी एकदा सकाळी जाहीर केलं की तळ्यात उत्तरेकडचं एक दुर्मीळ बदक उतरलंय, तपकिरी रंगाचं, मान पंखात खुपसून झोपलेलं. कॉलेजच्या वहीत लगेच नोंद केली. वेळ घातली, वाऱ्याची दिशासुद्धा घातली. बाबा वर आले, चष्मा पुसला, बराच वेळ बघितलं आणि म्हणाले, "सुमे, त्याला शेंडी आहे का बघ. असली तर नारळ आहे." नारळच होता. मी ती नोंद खोडली नाही, तिच्यापुढं बारीक अक्षरात 'शंकास्पद' असं लिहून ठेवलं. मी कशी मुलगी होते ते यावरून कळावं. माझ्या नातीला, नंदिनीला, मराठी वाचता येत नाही, म्हणून हे सगळं इतकं मोकळेपणानं लिहिते आहे. तिच्यासमोर मी अजून थोडा मान राखून आहे.

आमच्या घरात दोन मराठ्या नांदायच्या. बाबा साताऱ्याकडचे, सरकारी नोकरीपायी मद्रासला आलेले. आई तंजावरची, तिच्या माहेरची कित्येक पिढ्यांची मराठी तमिळच्या शेजारी राहून तिच्यासारखीच हेलकावे घेत बोलायची. आणि आईची विधवा थोरली बहीण, जिला आम्ही सगळे अक्का म्हणायचो, ती तर जुन्या पोथीतून उठून आल्यासारखं बोलायची. "असकं जेवण झालं, आता उगी बैस गे," असं ती म्हणाली, सगळ्याला ती असकं म्हणायची, की बाबा वर्तमानपत्राआड हसायचे, आणि बाबांनी "च्यायला" म्हटलं की अक्का कानावर हात ठेवायची. सकाळी फिल्टरमधून कॉफी थेंब थेंब गळायची, तेवढ्यात देवळातलं सनईसारखं नागस्वरम सुरू व्हायचं, खालच्या मजल्यावरच्या पाटींचा, म्हणजे तमिळ आजींचा, दगडी रगडा गरगरायला लागायचा, आणि या सगळ्यावर आवाज चढवून अक्का मला हाक मारायची. स्वयंपाकघरात एका बाजूला बाबांसाठी मेतकूट आणि थालीपीठ, दुसऱ्या बाजूला आईचा चिंचेचा भात, ज्याला इथं पुळियोदरै म्हणतात. काळपट, तिळाच्या तेलात न्हालेला, तीन दिवस टिकणारा. प्रवास म्हटलं की तो भात. आजही स्टेशनवर उभी राहिले की माझ्या नाकाला तो वास येतो, हातात पिझ्झाचा डबा असला तरी.

अक्काची एक धाबळी होती. नव्या वाचकांसाठी सांगते, धाबळी म्हणजे लोकरीचं जाड वस्त्र, सोवळ्यात नेसायचं किंवा पांघरायचं. लोकर ओवळी होत नाही अशी त्यामागची समजूत. मद्रासच्या उकाड्यात घामानं निथळत, अंगावर ती काळपट तपकिरी धाबळी घेऊन अक्का नैवेद्याचा स्वयंपाक करायची, आणि आम्ही लांब उभं राहून ती वितळते का ते बघायचो. एकदा शेगडीतला निखारा उडून धाबळीला मधोमध परातीएवढं भोक पडलं. मद्रासमध्ये लोकर कुठली मिळायला. अक्कानं कुठूनतरी एका पांढुरक्या, राखाडी कांबळ्याचा तुकडा मिळवला आणि त्याचं ठिगळ लावलं. तेव्हापासून धाबळी पांघरली की पाठीवर चांदीसारखा एक मोठा डाग दिसायचा. हा डाग लक्षात ठेवा. तो पुढं माझी अब्रू घेणार आहे.

कॉलेजात आम्हाला प्राणिशास्त्र शिकवायला राजम मॅडम होत्या. उंचीनं माझ्या खांद्याला लागतील एवढ्या, गळ्यात नवऱ्याची फौजेतली दुर्बीण, आणि आवाज असा की शेवटच्या बाकावरची झोप उडावी. नीलगिरीत मुकुर्तीच्या बाजूला, जिथं आता राष्ट्रीय उद्यान आहे, तिथं वरैयाडू मोजायला त्या दर हिवाळ्यात सहा मुली न्यायच्या. वरैयाडू म्हणजे कड्यांवर राहणारी रानबकरी. माद्या राखी, तरणे नर तपकिरी, आणि नर पुरता म्हातारा झाला की अंग काळपट होतं आणि पाठीवर खोगीर घातल्यासारखा चंदेरी पट्टा उमटतो. असा खोगिरवाला दिसणं म्हणजे भाग्य. त्या वर्षी सहा जणींत माझं नाव लागलं. पण खरी गोष्ट वेगळी होती, आणि ती सहाही जणींना माहीत होती. या सहांतून एकीला मॅडम उन्हाळ्यात पुन्हा नेणार होत्या, पूर्ण महिनाभर, आपल्या कामात मदतनीस म्हणून. जिला नेतील तिचं पुढचं शिक्षण त्या मार्गी लावतील हे ठरलेलं.

ती एकजण मी असणार याबद्दल माझ्या मनात शंका नव्हती. बाकी सगळ्यांना वाटत होतं ती स्टेला असणार. स्टेला मद्रासजवळच्या कोवलमची, मासेमारी करणाऱ्या घरातली. तिच्या घरात तिच्याआधी कुणी कॉलेजचं फाटक पाहिलेलं नव्हतं. पुस्तकं माझ्या निम्मीसुद्धा वाचलेली नव्हती, पण नजर अशी की समुद्रावर ठिपका दिसला की ती सांगायची, ती कुणाची होडी आहे. मी विचारलं, "इतक्या लांबून कसं कळतं?" तर म्हणाली, "प्रत्येक होडी आपापल्या तऱ्हेनं डोलते. माणसं नाही का आपापल्या तऱ्हेनं चालत." मी हे वहीत लिहून घेतलं आणि खाली शेरा मारला, 'अशास्त्रीय'.

मद्रासच्या मुलीकडे गरम कपडे कुठले असणार. बाबांचा एक मफलर निघाला, आणि तेवढ्यावर मी नीलगिरीच्या थंडीत जाते असं म्हटल्यावर अक्का आत गेली आणि घडी केलेली धाबळी घेऊन आली. ती धाबळी आईलासुद्धा कधी मिळाली नव्हती. "अंगावर असताना कुणाला शिवायचं नाही," अक्का म्हणाली. "आणि मासे, अंडी असतील तिथं हिला घेऊन जेवायला बसायचं नाही. बसायच्या जागेवर पाणी शिंपडायचं, तीनदा हात फिरवायचा, मग बसायचं. शपथ घे गे, सुमती." मी शपथ घेतली. माझा या गोष्टींवर विश्वास नव्हता, हे मी तेव्हा सगळ्यांना सांगत असे. अक्काला मात्र कधी सांगितलं नव्हतं.

मेट्टुपाळयमहून निळी गाडी धापा टाकत वर चढली तसं माझं ज्ञान सुरू झालं. डब्यातल्या मुलींना मी खिडकीतून दाखवत होते, हे अमुक, ते तमुक. काळं माकड दिसलं तेव्हा त्याचं लॅटिन नाव सांगितलं, ते बहुतेक दुसऱ्याच माकडाचं होतं. उटीहून पुढं जीप, जीपच्या पुढं पायी, आणि मग एक दगडी झोपडी, जंगलखात्याची, जिचं छत वाऱ्यानं वाजायचं. तिथं मारिअण्णा आमची वाट बघत उभे होते. ते रखवालदार, पन्नाशीचे, खाकी कोटावर कांबळं. त्यांनी आमच्याकडे एकदा बघितलं आणि मॅडमना विचारलं, "यांना परत न्यायच्यात ना?"

बाहेर मात्र असं काही होतं की माझीसुद्धा बडबड बंद पडली. टेकड्यांमागून टेकड्या, सगळ्यांवर पिवळसर गवत, दऱ्यांच्या सांदीत गच्च काळं रान, आणि पश्चिमेला जमीन एकदम संपलेली. त्या कड्याखालून ढग वर यायचे, आमच्या पायांवरून सरकत जायचे, आणि क्षणात समोरची टेकडी नाहीशी व्हायची, पुन्हा उगवायची. मोजायची पद्धत अशी होती. दरीच्या दोन्ही बाजूंना दोन तुकड्या बसायच्या. जे दिसेल ते ज्यानं त्यानं आपापल्या तक्त्यावर लिहायचं, वेळ, जागा, नर की मादी, काय करत होता. जोडीतल्या एकानं तरी जागा सोडायची नाही, समोरच्या तुकडीशी बोलायचं नाही, आणि लिहिलेलं खोडायचं नाही. संध्याकाळी तक्ते शेजारी ठेवून ताडून बघायचे. या काठावर माझी आणि स्टेलाची जोडी लागली. समोरच्या काठावर मॅडम आणि मारिअण्णा. बाकीच्या चौघी पलीकडच्या दरीवर.

स्टेलाची आई तिला वाळलेले मासे तळून देत असे, आणि उकडलेली अंडी. पहिल्याच दिवशी जेवणाच्या वेळी तिनं डबा उघडला, आणि माझ्या पाठीवरची धाबळी जणू अक्कासारखी खाकरली. मी उठले. "लेंड्या शोधून येते," मी म्हणाले. जनावरांच्या लेंड्या शोधणं हा आमच्या कामाचा भाग होता, त्यामुळे बहाणा शास्त्रीय होता. दुपारी परत आले तेव्हा स्टेलानं डब्याचं अर्धं झाकण माझ्यासाठी वाढून ठेवलेलं होतं. मी म्हटलं, भूक नाही. दुसऱ्या दिवशीही तेच. हे लिहिताना आज माझे कान तापतात. दोन दिवस एका मुलीशेजारी बसून मी जगातल्या सगळ्या विषयांवर बोलले, आणि घास तोंडात घालायची वेळ आली की तिच्यापासून पळाले, आणि वर तिला ते कळत नसेल असं मला वाटत होतं. विश्वास नाही म्हणणारी मी, धाबळीच्या धाकानं वागत होते. विश्वास असलेली अक्का माझ्यापेक्षा बरी, तिला निदान लपवावं लागत नव्हतं.

तर दुसऱ्या दिवशी दुपारी मी स्टेलाला जागेवर ठेवून उतारावर खाली गेले. आमच्या बैठकीच्या खाली, दुभंगलेल्या खडकाच्या पायथ्याशी एक ओट्यासारखी जागा होती. वरून ती दिसत नव्हती, म्हणून मला सोयीची. गवत ओलं, पाय निसटत होते, तेव्हा मी हातापायांवर चालत गेले. वारा इतका की धाबळी डोक्यावरून ओढून घेतली, फक्त नाक बाहेर. ओट्यावर पोचल्यावर बाटलीतलं पाणी शिंपडलं, उजव्या हातानं जागा तीनदा झटकली आणि समोरच्या दरीकडे पाठ करून बसले. मग डबा मांडीवर घेऊन, मान खाली घालून, चिंचेचा भात खाल्ला. पोटभर खाल्ला. पाठीमागून ढग येत-जात होता. इतका सुंदर एकांत मला परत मिळाला नाही, कारण पुढं कळलं तो एकांत नव्हताच.

संध्याकाळी झोपडीत कंदिलाशेजारी तक्ते उघडले. राजम मॅडमचा चेहरा असा उजळला होता की आम्ही सगळ्या सरकून जवळ आलो. त्यांनी आपला तक्ता मोठ्यानं वाचला. दुभंगलेल्या खडकाखालच्या ओट्यावर, एकटा, खोगिरवाला नर. "असा म्हातारा मी आजवर बघितला नाही," त्या म्हणाल्या. "चाल अवघडलेली. पुढचे पाय बहुतेक दुखावलेले असावेत. बसण्याआधी उजव्या पुढच्या पायानं जमीन तीनदा खरवडली. मग खाली बसून बराच वेळ चरत होता, मान सारखी खालीवर. मध्येच ढग आला. पण पाठीवरचा पट्टा मी स्पष्ट बघितला. पाच वर्षांत त्या बाजूला खोगिरवाला दिसला नव्हता, मुलींनो." मारिअण्णा दाराशी उकिडवे बसले होते, ते विडीकडे बघत राहिले.

मी हळूच मागं सरकले आणि पाठीवरचं ठिगळ भिंतीला टेकवलं.

मग मॅडमनी आमचा तक्ता मागितला. त्या वेळेच्या रकान्यात काहीच नव्हतं. त्यांनी स्टेलाकडे बघितलं. "तुम्ही त्याच्या डोक्यावर बसला होतात. तो उतार चढून-उतरून गेला, आणि तुम्हाला दिसला नाही?"

स्टेला म्हणाली, "सुमती लेंड्या शोधायला गेली होती, मॅडम. जागेवर मी होते."

"मग?"

"मला काही जनावर दिसलं नाही."

"झोप लागली होती का?"

स्टेलानं माझ्याकडे बघितलं. नुसतं बघितलं. मी धाबळीचा काठ बोटाला गुंडाळत बसले. मॅडमनी तक्ता मिटला आणि शांतपणे म्हणाल्या, "मी उन्हाळ्यासाठी तुझा विचार करत होते, पोरी. ज्याला एवढा मोठा प्राणी दिसत नाही त्याला महिनाभर इथं आणून मी काय करू." आणि मग माझ्याकडे वळून, "तू निदान फिरत तरी होतीस."

आता तुम्ही म्हणाल, तेव्हाच का नाही बोललीस. मीही कित्येक वर्षं स्वतःला हेच विचारलं. मी खूपच हिशोबी होते असं म्हटलं तर ती माझी स्तुती होईल. मला नुसती लाज वाटत होती. 'तो म्हातारा बोकड मी आहे' एवढं सांगून भागलं नसतं. 'मग तू तिथं एकटी का जेवत होतीस' हा पुढचा प्रश्न येणार होता, आणि त्याचं उत्तर सहा मुलींत, स्टेलासमोर, मला द्यावं लागणार होतं. त्यापेक्षा आपण बोकडच राहिलेलं बरं, असं त्या मूर्ख मुलीला वाटलं. आणि उन्हाळ्याची जागा आता आपलीच, हा विचार मनात आला नाही असं नाही. आला. मी त्याला हाकललं, पण दार लावून घेतलं नाही.

पहाटे फटफटत होतं तेव्हा मी बाहेर आले. गवतावर दहिवर गोठून पांढरं झालं होतं. पायरीवर स्टेला बसली होती, सुती साडीचा पदर कानाभोवती गुंडाळून, आणि दात वाजू नयेत म्हणून जबडा घट्ट धरून. हातात मॅडमची दुर्बीण होती, ती पदराच्या टोकानं तिची काच पुसत होती. काढून टाकलेल्या माणसानं शेवटचं काम नीट करावं तशी. मी तिच्या मागं उभी राहिले. मग अंगावरची धाबळी काढली आणि तिच्या खांद्यांवर घातली. काही आकाश कोसळलं नाही. फक्त मला थंडी वाजली.

"तो मी होते," मी म्हणाले.

"माहीत आहे," स्टेला म्हणाली. काच पुसणं चालूच.

"कधीपासून?"

"मॅडम वाचत होत्या तेव्हापासून. बसण्याआधी तीनदा जमीन खरवडली म्हणाल्या ना. तू रोज तशीच बसतेस, लोकलाजेपायी हळूच करतेस इतकंच."

"मग तू सांगितलं का नाहीस?"

"तू सांगतेस का ते बघत होते." काचेवर फुंकर मारून ती म्हणाली, "मला आधी वाटलं, हिला एकटीला जेवायला आवडतं. माझ्या मामाला आवडतं तसं. मग काल वाटलं, नाही, हिला वास येतो." तिनं पहिल्यांदा मान वळवली. "वास येतो का गं?"

मी म्हटलं, "मला नाही. हिला येतो," आणि धाबळीकडे बोट दाखवलं. मग अक्काची, शपथेची सगळी गोष्ट सांगितली. माझ्या आयुष्यात मी इतकं वाईट आणि इतकं सलग कधी बोलले नाही. तिनं ऐकून घेतलं. "बरं," ती म्हणाली. "माफ वगैरे मी आत्ता करत नाही. आधी आत जाऊन सांग. सगळ्या उठल्यात."

मी आत गेले आणि सगळ्यांसमोर सांगितलं. एकटी का जेवत होते तेही. मुली हसायला लागल्या आणि उत्तर ऐकून थांबल्या, ते थांबणं मला हसण्यापेक्षा जड गेलं. मॅडम उठून दाराशी आल्या. बाहेर पायरीवर स्टेला पाठमोरी बसलेली, काळपट तपकिरी पाठ, मधोमध चांदीसारखा पट्टा, उगवतीचा उजेड त्यावर. मॅडम बराच वेळ बघत राहिल्या. म्हातारा त्यांच्या हातून जाताना मला दिसत होता. मग त्यांनी मारिअण्णांना विचारलं, "तुम्हाला काल कळलं होतं?"

"ढग होता, अम्मा," मारिअण्णा म्हणाले. "पण तो उठल्यावर त्यानं डबा काखेत मारला, तेव्हा जरा शंका आली."

"मग बोलला नाहीत?"

"तुम्ही इतक्या खूश होतात."

तक्त्यावरचं खोडायचं नाही हा नियम मॅडमचाच. त्यांनी त्या ओळीवर रूळ ठेवून एक बारीक रेघ ओढली, अक्षर वाचता येईल अशी, आणि शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं, 'नोंद रद्द. प्राणी ओळखीचा निघाला.' मला रागावल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "न बघता ओळखणारे पुष्कळ असतात, सुमती. काल मीही त्यातलीच निघाले. पण तू रात्रभर गप्प बसलीस, ते वेगळं." मग बाहेर जाऊन स्टेलाला म्हणाल्या, "उन्हाळ्यात स्वेटर घेऊन ये. हे पांघरून माझ्यासमोर बसायचं नाही."

तो आमचा शेवटचा दिवस. धाबळी स्टेलाकडेच राहिली, मी मफलर कानाला गुंडाळून कुडकुडत बसले. दुपारी तिनं डबा उघडला, मी माझा उघडला, आणि आम्ही एकमेकींच्या डब्यांकडे पाहत जेवलो. मी अंडं खाल्लं नाही, ते मला आजही आवडत नाही, पण ती म्हणाली चिंचेच्या भाताबरोबर वाळलेला मासा फार चांगला लागतो, आणि ती बोटं चाटत होती त्यावरून मला ते पटलं. ढग उतरला, चढला. आणि समोरच्या कड्यावर, जिथं क्षणापूर्वी नुसता खडक होता, तिथं एक काळा नर उभा होता. जाडजूड मान, मागं वळलेली शिंगं, पाठीवर पट्टा. तो कुणाकडे बघत नव्हता. वारा त्याच्या अंगावरचे केस उलटे फिरवत होता. माझ्या हातात पेन्सिल होती, पण तोंडातून नाव निघेना. आयुष्यात पहिल्यांदा मला समोरची वस्तू ओळखायची भीती वाटली. मी हळूच विचारलं, "स्टेला, तोच आहे ना?"

तिनं दुर्बीण डोळ्याला लावली. पुष्कळ वेळ घेतला. "थांब," ती म्हणाली, "डबा आहे का बघते."

मग आम्ही दोघी इतक्या हसलो की तो निघून गेला. समोरच्या काठावरून मॅडमनी त्याची नोंद केली. आमच्या तक्त्यावर फक्त वेळ लिहायची राहिली, आणि ती स्टेलानं लिहिली.

घरी आल्यावर अक्कानं धाबळी नाकाशी नेली. धूर, ओलं गवत, आणि आणखी एक वास. मी सांगून टाकलं, कुणी पांघरली ते. अक्का आठ दिवस माझ्याशी बोलली नाही. नवव्या दिवशी धाबळीची घडी माझ्या अंथरुणावर आणून ठेवली. "मला आता ही चालायची नाही," ती म्हणाली. दाराशी जाऊन थांबली. "त्या पोरीला ऊब आली का गे?" मी म्हटलं, आली. "मग झालं," असं म्हणून ती आत गेली. त्यानंतर नैवेद्य करताना ती ओली साडी नेसायची आणि शिंकायची, आणि प्रत्येक शिंकेला माझ्याकडे बघायची.

उन्हाळ्यात स्टेला गेली, आणि मग तिथलीच झाली. तिनं सगळं आयुष्य त्या बकऱ्यांमागं घालवलं. मी बँकेत लागले. काउंटरवरची माणसं मी नुसत्या चालीवरून ओळखायचे, ही विद्या कुणाची ते मी साहेबांना सांगितलं नाही. नंदिनी आता फोन पानासमोर धरते आणि फोन झाडाचं नाव सांगतो. माझ्या सतराव्या वर्षाइतकाच त्याला आत्मविश्वास आहे, आणि साधारण तितकाच तो चुकतो.

दर हिवाळ्यात, मोजणी संपली की, स्टेलाचं कार्ड यायचं. त्यावर दुसरं काही नसे. 'दुभंगलेल्या खडकाखाली यंदा कुणी जेवायला आलं नाही.' एवढंच. माझं लग्न झालं त्या वर्षी आलं, बाबा गेले त्या वर्षी आलं, अक्का गेली त्या वर्षीही आलं. पुढं कार्डाऐवजी फोनवर यायला लागलं, पण वाक्य तेच. माफ केलं असं तिनं कधी म्हटलं नाही, मीही विचारलं नाही.

यंदा हिवाळा संपत आला तरी निरोप नव्हता. मी रोज सकाळी कॉफीबरोबर फोन उघडून बघायचे, आणि नंदिनी विचारायची, "आजी, हू इज इट?" मी म्हणायचे, कुणी नाही. गेल्या रविवारी आला. गुडघ्यांमुळे स्टेला वर गेलीच नव्हती, ती कोवलमला भावाच्या घरी आहे. लिहिलं होतं, 'मी यंदा बघायला नव्हते, त्यामुळे खडकाखाली कुणी होतं की नाही सांगता येत नाही. इथं वारा फार आहे. धाबळी घेऊन ये. सुरमई तळते आहे. लांब बसू नकोस.'

नंदिनीला मी गाडी काढायला सांगितली आहे. धाबळी कपाटातून काढून गच्चीत उन्हात टाकली आहे. आणि आईच्या पद्धतीनं चिंचेचा भात केलाय, दोघींना पुरेल एवढा.